पिवळा रेग्युलेटर

“पण त्या पिशव्या शिवल्या कोणी? मी?” विवेकने पोह्यांची बशी पुढे सरकवली. “नाडी कोणी ओवली?”

“मी ओवली. शंभरदा सांगितलं, मीच ओवली. काढायला मात्र दोघंही विसरलो.” कल्याणी ओट्याशी उभी होती. “पिशव्या मी फेकून दिल्यात. मी त्यांच्याबद्दल बोलतच नाहीये.”

“मग विषय संपला. पिशवी नाही, प्रॉब्लेम नाही. चांगला चालणारा सेट उसवून होज कशाला बदलायचे?”

“कारण पाण्याखाली माझा हात तुझ्या पिवळ्या रेग्युलेटरकडे गेलाच नाही.”

“गाइज, इट्स सॅटर्डे,” इशिता म्हणाली. ती युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. जेवणाच्या टेबलावर आईबाबांचे डायव्हिंगचे दोन्ही सेट पसरलेले होते, म्हणून ती फ्रीजला टेकून उभ्याउभ्या खात होती.

कल्याणी मूळची कराडची. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या अल्बनीत येऊन चौदा वर्षं झाली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट बसवण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नाही. पोहायला शिकली एक्केचाळिसाव्या वर्षी, शाळेतल्या मुलांच्या शेजारच्या लेनमध्ये, गुडघ्यापर्यंतचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून. डायव्हिंग त्यानंतर चार वर्षांनी. विवेकच्या ऑफिसातला एक जण डायव्हिंग क्लबात होता, त्याच्या नादाने विवेक गेला आणि ‘बघू तरी’ म्हणत ती. विवेक अजून पाण्यात हातपाय फार मारतो. ती मात्र पहिल्याच दिवशी तळाशी गुडघे टेकून शांत बसली होती. पाण्याखाली या दोघांचं भांडण होत नाही. बोलताच येत नाही. महिन्यातून एकदा तासभर हे जोडपं एकमेकांकडे नुसतं बघत, बोटाने मासे दाखवत फिरतं. घरी तसा तास मिळत नाही.

पाठीवरच्या टाकीतून दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, निघतात, दोन्हींच्या टोकाला हवा ओढायचा रेग्युलेटर. एक तोंडात. दुसरा पिवळाधमक, छातीशी अडकवलेला. आपला बिघडला तर आपल्याला, जोडीदाराची हवा गेली तर त्याला. बहुतेकांचा पिवळा वर्षानुवर्षं नवाच राहतो, कारण तो वापरायची वेळच येत नाही.

आणि या घरात नवी वस्तू उघडी ठेवायची पद्धत नाही. मिक्सरला कव्हर आहे, ब्रेड करायच्या मशीनला आहे, विमानात चढणाऱ्या बॅगांना आहे. किनाऱ्यावरून चालताना पिवळ्यात वाळू जाते म्हणून कल्याणीने पडद्याच्या उरलेल्या कापडाच्या दोन नाडीच्या पिशव्या शिवल्या. वाळू ओलांडेपर्यंत घालायच्या, गुडघाभर पाण्यात गेलं की काढायच्या. क्लबातले लोक हसले. विवेकने फोटो काढून घेतला होता.

गेल्या फेब्रुवारीत गोट आयलंडच्या किनाऱ्याला, त्याच गुडघाभर पाण्यात, लाटेने विवेकच्या पायातला फिन, पोहायचा रबरी पंखा, ओढून नेला. तो शोधण्यात दहा मिनिटं गेली आणि पिशव्या राहिल्या. सात मीटर खोलीवर कल्याणीच्या रेग्युलेटरचा दातात धरायचा रबरी तुकडा जागेवर ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी तुटली. तुकडा दातात राहिला, बाकीचा भाग खाली गळला, तोंडात खारं पाणी आलं. तिने छाती चाचपली. हाताला कापड लागलं. ओली नाडी सुटेना. विवेक हातभर अंतरावर होता. तिने त्याच्या तोंडातला रेग्युलेटर ओढून स्वतःच्या तोंडात घातला.

विवेकने तिचा दंड धरला, आणि एकाच रेग्युलेटरवर आळीपाळीने श्वास घेत दोघं वर आले. मिनिटभराची गोष्ट. किनाऱ्यावर तो काही बोलला नाही. बोलला पंधरा दिवसांनी, मित्रांकडे, मधुकर आणि अनुराधाकडे, जेवायला गेल्यावर. “बावीस वर्षं बोलू देत नव्हती, आता श्वासही घेऊ देईना!” सगळे हसले. कल्याणीही हसली. त्यानंतर ती समुद्रात उतरली नाही. एकदा सर्दी, एकदा पाहुणे, एकदा पाठ. सेट विकून टाकावा असं तिच्या मनात आलं होतं, विकायची जाहिरात फोनवर अर्धी लिहूनही झाली होती.

गुरुवारी कामावरून परस्पर ती डायव्हिंगच्या दुकानात गेली, सेटला काय किंमत येईल हे विचारायला. काउंटरवर पिकल्या केसांची बाई होती. “किया ओरा,” असा माओरी नमस्कार करून तिने का विकताय विचारलं. कल्याणीने सगळं सांगितलं. ती बाई हसली नाही. म्हणाली, घाबरलेला माणूस ज्यातून बुडबुडे येताना दिसतात तोच ओढतो, कारण तो चालतोय याची त्याला खात्री असते. मग तिने एक वेगळी मांडणी अंगावर चढवून दिली. तोंडातल्या रेग्युलेटरला पुरुषभर लांबीचा होज, काखेखालून, मानेमागून फिरवलेला. कोणाला हवा लागली तर आपल्या तोंडातला काढून द्यायचा. आपल्यासाठी दुसरा, आखूड होजचा, रबराच्या माळेने हनुवटीखाली. मान खाली घातली की ओठाला लागतो.

कल्याणीने डोळे मिटून पाच वेळा करून बघितलं. पाचही वेळा सापडला. “स्वीट ॲज,” एकदम झकास, बाई म्हणाली. किंमत विचारायची राहून गेली.

“कोर्समध्ये आपण पिवळाच घ्यायला शिकलो,” विवेक म्हणाला. “हाताला सवय झालीये. आता बदललं तर ऐनवेळी गोंधळ होईल. आणि तो लांब होज कुठेतरी अडकणार.”

“कोर्समध्ये हवा आहे हे मला माहीत होतं. घाबरलेली नव्हते मी.”

“म्हणजे परत ओढणारच म्हणतेस?”

“हो.”

विवेकने टेबलावरचा पिवळा उचलला, बाहीने पुसला, परत ठेवला. “तू माझ्याकडे बघितलंही नाहीस,” तो म्हणाला. “ओढलास, आणि बघितलं नाहीस.”

तीन महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा आलं होतं. इशिताने चावायचं थांबवलं. कल्याणीच्या तोंडावर ‘सॉरी’ आलं होतं, पण ते निम्मंच खरं ठरलं असतं. त्या क्षणी विवेक कोण आहे हे तिला आठवत नव्हतं. तिला फक्त बुडबुडे दिसले होते. याची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटून ते बदलणार नाही हेही तिला कळलं होतं.

“नाही बघितलं,” ती म्हणाली. “पुढच्या वेळीही नाही बघणार. तुझी हवा गेली तर तूही नाही बघणार. मी चांगली वागेन असं धरून सेट बांधायचा नाही मला.”

“शी हॅज अ पॉइंट, डॅड.”

“तू खा.”

“आय ॲम ईटिंग.”

कल्याणीने गॅस बंद केला, हात पुसले आणि दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “अकरा वाजता दोन्ही सेट दुकानात जातायत. होज दोघांचेही बदलणार. दोन महिने दर मंगळवारी फक्त पूलमध्ये सराव. त्यानंतर मी समुद्रात उतरणार, आणि ज्याचा सेट असा असेल त्याच्याबरोबरच उतरणार. तुझा नसेल, तर क्लबातलं दुसरं कोणी.”