पडजिभेचा क

कॅनडातल्या सस्काटूनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि नाकातला ओलावाच गोठला. इथे गाड्यांनाही ब्लॉक हीटर (इंजिन गोठू नये म्हणून विजेवर चालणारी शेगडी) लागतो. मग माणसांचं काय होत असेल?

न्यायला आलेली माझी मैत्रीण वैदेही इथल्या विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवते. माझ्या गावाहून, किचनरहून, मी आरामाला आले होते, पण हिच्याकडे कसला आराम! दुसऱ्याच सकाळी मला रेकॉर्डिंगला नेलं. वाटेत तिनं सांगितलं, चीनच्या युनान प्रांतात बाइ नावाची भाषा आहे. तिच्या काही बोलींत 'क' थेट पडजिभेपाशी उच्चारतात. तसा 'क' असलेल्या एक आजी इथे लेकीच्या बेसमेंटमध्ये राहत होत्या. त्यांना घशाचा कॅन्सर होता आणि पुढच्या आठवड्यात स्वरयंत्र काढणार होते.

"रेकॉर्डिंगची सीडी मला हवी," लेक मेई दारातच म्हणाली. "नंतर आईचा आवाज उरणार नाही."

"प्रॉमिस," वैदेही म्हणाली.

आवाज नको म्हणून फ्रिज बंद, हीटर बंद. कोट घालून बसलेल्या आजी एकेक शब्द तीन-तीनदा म्हणत होत्या. खुर्ची करकरली की शब्द पुन्हा. मला वैदेहीचा रागच आला.

शेवटी आजी चहाला उठल्या. बाइ लोक पाहुण्याला तीन चहा देतात: आधी कडू, मग गोड, शेवटी आलं-मधाचा, जिभेवर रेंगाळणारा. कपांचा खणखणाट नको म्हणून वैदेहीनं रेकॉर्डर बंद केला.

चहा ओतता ओतता आजी लेकीशी बोलू लागल्या. खूप बोलल्या, मध्येच हसल्याही. 'मेई, मेई' एवढंच मला कळत होतं. मेईनं त्यांचा हात गालाशी धरून ठेवला होता. तिसरा कप संपला तसा वैदेहीनं रेकॉर्डर सुरू केला. "ओके, नेक्स्ट वर्ड."

मी किचनरला परतले. रस्त्यावर तोच बर्फ, तीच शोव्हल (बर्फ उपसायचं फावडं). थोड्या दिवसांनी वैदेहीचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं.

"मेईनं सीडी शेवटपर्यंत ऐकली गं. मग विचारलं, आई मला हाक मारते ते कुठेय?"

"तू काय म्हणालीस?"

ती रडायला लागली.

त्या सीडीत कुत्रा आहे, कोंबडी आहे, सगळं स्वच्छ, तीन-तीनदा. मेई एकदाही नाही.