शाळेसमोर काय होतं?

गुलाबराव अहिरे माणसाचा पासपोर्ट नंतर बघत. आधी त्याचा चेहरा.

सारी नोकरी दिल्लीच्या विमानतळावर गेली, इमिग्रेशनच्या काउंटरमागे. सटाण्याहून आले, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार केला, आणि दुसऱ्यांना परदेशी धाडत राहिले. स्वतः कधी देश सोडला नाही.

आधी आखातात जाणारे गवंडी आणि सुतार आले. अडाणी दिसला की थांबवायचं, करार मागायचा. मग कॅनडाला निघालेली भजनी मंडळं आली. एका मंडळाला त्यांनी तिथंच गायला लावलं. विमान सुटलं, तरी भजन सुरू झालं नाही. पुढं कॉम्प्युटरवाली पोरं आली; त्यांच्यापुढं काउंटर जरा मऊ व्हायचा. येणाऱ्यांचंही तसंच. कुणाला घरबसल्या व्हिसा मिळू लागला. कुणाला काल दार उघडं होतं, आज बंद. ज्याला एके काळी पाहुणा म्हणत, त्यालाच पुढं घुसखोर म्हणू लागले.

नियम बदलले, गुलाबरावांचा प्रश्न बदलला नाही. "तुमच्या शाळेसमोर काय होतं?"

खोटा माणूस धडाधड सांगतो, त्यानं ते पाठ केलेलं असतं. खरा अडखळतो. आधी चिंच म्हणतो, मग म्हणतो, नाही, ती तोडली, नंतर तिथं सायकलचं दुकान झालं. अडखळला की गुलाबराव शिक्का मारत.

आता ते गुरुग्रामला राहतात, अकराव्या मजल्यावर. गेल्या जुलैत सोसायटीचे सेक्रेटरी बत्रा वर आले. शहरात बंगाली बोलणाऱ्यांची बांगलादेशी म्हणून धरपकड चालली होती. कामवाल्या बायका रातोरात खोल्या सोडून जात होत्या.

"अहिरे साहब, आप तो एक्सपर्ट हो," बत्रा म्हणाले. "आपकी मोमिना को ज़रा देख लो. संडे को मीटिंग है. डाउट हो तो नाम थाने में दे देंगे."

मोमिना त्यांच्याकडं चार वर्षं पोळ्या करत होती. गाव कूचबिहारकडचं, सरहद्दीला लागून. कागद होते. पण कागदांवर गुलाबरावांनी कधी विश्वास ठेवला होता?

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "मोमिना, तुम्हारे स्कूल के सामने क्या था?"

तिनं वळूनही बघितलं नाही. "पोखर, अंकल. पोखर के पास पोस्ट ऑफिस. पोस्ट ऑफिस के पीछे बाज़ार, मंगलवार को."

धडाधड. तळ्यापासून बाजारापर्यंत कुठंच अडखळली नाही.

"अहो, काय झालं?" ते बाहेर आल्यावर बायकोनं, द्वारकाबाईंनी विचारलं.

"पाठ केलंय तिनं."

"तुम्हाला मीसुद्धा घुसखोर वाटते कधी कधी. साखरेच्या डब्याला हात लावला की असेच बघता."

गुलाबराव हसले नाहीत. मोमिनाच्या चपलांकडे, पिशवीकडे, फोनवर खालच्या आवाजात बोलण्याकडे ते बघत राहिले. सगळंच संशयाचं दिसू लागलं.

शनिवारी न्यू जर्सीहून मुलीचा, अश्लेषाचा फोन आला. व्हिसा नव्यानं लावून घ्यायला तिला दिल्लीत यायचं होतं, आणि परत जाऊ देतील की नाही याची धास्ती होती.

"आम्ही रोज प्रॅक्टिस करतो, बाबा. सुजय ऑफिसर होतो, मी उत्तरं देते. कुठं शिकलात, लग्न कुठं झालं."

"अगं, खरंच आहे ना सगळं? मग प्रॅक्टिस कशाला?"

"खरं आहे म्हणूनच, यार बाबा! अडखळले तर त्यांना खोटं वाटेल ना."

गुलाबरावांनी फोन ठेवला. ही मुलगी त्यांच्या काउंटरवर आली असती, तर त्यांनी तिला थांबवलं असतं.

रविवारी क्लबहाउसमध्ये मोमिनाला उभं केलं होतं. बत्रांनी विचारलं, ती पटापट सांगत गेली. गाव, जिल्हा, बापाचं नाव. पोखर, पोस्ट ऑफिस, बाज़ार.

"मोमिना," गुलाबराव मधेच म्हणाले, "स्कूल में पिटाई किस बात पर होती थी?"

ती थबकली. "पिटाई... आम के लिए. नहीं, आम तो दीदी ने तोड़ा था. मुझे... स्याही गिराई थी मैंने. ना, वो भी दीदी..." तिचे डोळे भरून आले.

"देखा? अटक गई!" बत्रा म्हणाले.

"इसीलिए सच्ची है," गुलाबराव म्हणाले.

मग बत्रा हसले. "समझ गए, साहब. भाभीजी को दूसरी मिलेगी नहीं. आप गारंटी लेते हो?"

साऱ्या नोकरीत गुलाबरावांनी शिक्के मारले होते. गारंटी कुणाचीच घेतली नव्हती.

"लेता हूँ."

"वैसे आप कहाँ से हो, सर? ओरिजिनली?"

"सटाणा, ज़िला नासिक," गुलाबराव म्हणाले. फार पटकन म्हणाले. बत्रा त्यांच्याकडे बघत राहिले. ती नजर गुलाबरावांच्या चांगल्या ओळखीची होती.

मोमिनाचं नाव ठाण्यात गेलं नाही. सोमवारी ती वेळेवर आली, कणीक मळायला बसली. गुलाबरावांना बरं वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून ते दारात गेले.

"मोमिना, तुम्हारी बेटी कैसी है?"

तिनं हात पुसले. उठून सरळ उभी राहिली.

"बेटी का नाम रुखसाना," ती म्हणाली. "बाप का नाम जमाल. गाँव..."

"बस, बस," गुलाबराव म्हणाले.

ती जिल्ह्यापर्यंत सांगूनच थांबली.