कोरे राहिलेले दोन दिवस

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. घरचे तिला मिरची म्हणत. माणसाला घट्ट धरायचं आणि तो सोडून जाईल या धास्तीनं आपणच तोडून टाकायचं, असं तिचं आयुष्यभर चाललं होतं. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हा नुसता तापट स्वभाव नाही, व्यक्तिमत्त्वाचा आजार आहे.

त्याच दवाखान्यात या आजाराचा अभ्यास चालू होता; त्यात तिनंही नाव दिलं. मोबाइल दिवसातून अनेकदा वाजायचा आणि विचारायचा: आत्ता मन कसं आहे? राग आलाय? सोबत कोण आहे? उत्तर लगेच द्यायचं. बाकीचे लवकरच कंटाळत. मिरची कधीच चुकवत नसे. मालक कुरकुरायचा, पण ती काच खाली ठेवून आधी उत्तर द्यायची. दिवसभरात तिची विचारपूस करणारं दुसरं होतं कोण?

अशात बऱ्याच वर्षांनी धाकटी बहीण राहायला आली. सकाळी दोघी भाजी निवडत बसल्या असताना मोबाइल वाजला. सोबतचं माणूस सोडून जाईल अशी भीती वाटते का, असा प्रश्न होता. बहिणीसमोर त्याचं उत्तर देववेना. तिनं मोबाइल बंद करून कपाटात टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवताना बहीण म्हणाली, "ताई, उद्या निघते गं."

"मग आलीस कशाला? तोंड दाखवायला?"

शब्दाला शब्द वाढला आणि बहीण त्याच दुपारी बॅग भरून गेली.

संध्याकाळी मिरचीनं मोबाइल चालू केला, तोच अभ्यासाचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. "मावशी, दोन दिवस काहीच आलं नाही. बऱ्या आहात ना?"

"बहीण आली होती. आता भरून देऊ? सगळं आठवतंय."

"नाही हो. त्या त्या वेळचंच लागतं. ते दोन दिवस कोरेच राहणार."

"नेमके तेच?"

मुलगी म्हणाली, "मला सांगा ना. नोंद नाही करणार."

मिरची सांगत राहिली, तिकडे मुलीला कुणीतरी हाक मारेपर्यंत.

मग तिनं बहिणीला फोन लावला. बहिणीनं उचलला नाही. बऱ्याच वेळानं मेसेज आला: "पोचले. पाठ धरलीय."

"शेक घे," मिरचीनं लिहिलं.

पुढे अभ्यास संपला, मोबाइलचं विचारणं थांबलं. बहीण पुन्हा राहायला आली नाही. दुखलंखुपलं मात्र अधूनमधून कळवते.