नळीखालचा ठिपका

बापूकाका सावंत जेवायला आले की आधी घरातलं काहीतरी हलवून बघायचे. खुर्चीचा पाय, दाराची कडी, बाथरूमचा नळ. ट्रॉय या अमेरिकन शहरातल्या आम्हा मराठी मंडळींना याची सवय झाली होती. यजमानीण श्रीखंड घेऊन उभी, आणि हे टेबलाखाली. "स्क्रू लूज आहे हो," असा तिथून आवाज यायचा. त्यांच्या सौ., सुमनकाकू, कपाळाला हात लावायच्या. हा माणूस पाच मिनिटं एका जागी बसलेला मी कधी पाहिला नाही.

दिवसा ते एका मोटार कंपनीच्या टूलरूममध्ये असत. उरलेल्या वेळात घरच्या बेसमेंटमध्ये ठासणीच्या बंदुका बनवत, इथे दीडदोनशे वर्षांपूर्वी वापरत तशा. लांब नळी, मेपलचा दस्ता, चकमकीचा चाप. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, मग ती गजानं ठासायची. एक बार काढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. हौशी शिकारी वर्षवर्ष थांबून त्यांच्याकडून बंदूक करून घेत. "सावंतांच्या बेसमेंटात दारू भरपूर, पण पाजत नाहीत," हा आमच्या मंडळातला ठरलेला विनोद. कोकणात त्यांच्या वडिलांकडे रानडुकरांसाठी अशीच एक बंदूक होती. हा उद्योग का करता असं विचारलं तर तेवढंच सांगायचे.

मी तेव्हा तिशीतला, ब्रेक डिझाइन करणारा, आणि सगळ्याच विषयांतलं कळणारा. कुठल्याही वादात मत माझं पहिलं. बापूकाका कानस चालवता चालवता म्हणायचे, "सतीश, ठासायची ती बंदूक. माणसानं ठासून बोलू नये." त्यांची स्वतःची वाक्यं 'बहुतेक'नं सुरू व्हायची आणि 'बघायला पाहिजे'नं संपायची. बाहेर बर्फ पडतोय का, असं विचारलं तर दार उघडून, हात बाहेर काढून मगच उत्तर द्यायचे. मला त्याचा वैताग यायचा.

प्रत्येक नळीची ते परीक्षा घेत. दुप्पट दारू भरायची, बंदूक जुन्या टायरला बांधायची आणि झाडाआडून दोरीनं चाप ओढायचा. नळी टिकली, तर तिच्या पोटाशी, दस्त्यात झाकल्या जाणाऱ्या बाजूला, एक बारीक ठिपका ठोकायचा. तो गिऱ्हाइकाला दिसत नसे.

एका डिसेंबरात, शुक्रवारी संध्याकाळी, मी बेसमेंटमध्ये असताना अर्लचा फोन आला. हा उत्तरेकडचा स्कूलबसचा ड्रायव्हर, महिन्यापूर्वीच नवी बंदूक घेऊन गेलेला. उद्या शिकारीचा सीझन सुरू होतोय, सगळं ओके ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. बापूकाका "आय थिंक..." म्हणून अडकले. मी रिसीव्हर ओढला आणि सांगून टाकलं, "डोन्ट वरी, एव्हरीथिंग इज टेस्टेड."

सकाळी सातला बापूकाका माझ्या दारात. "अर्लची बनवत होतो तेव्हा दोन रायफली हातात होत्या रे. एकीची टेस्ट केलेली आठवते. दुसरीची आठवत नाही. फुटली तर चेहराच जाईल त्याचा." अर्ल घरून निघून गेला होता, आणि रानातल्या त्याच्या केबिनवर फोन नव्हता. मी ड्राइव्ह केलं. तीन तास बापूकाका शेजारी सीटबेल्ट काढत-लावत होते.

केबिनपाशी उतरतो तोच रानातून बार ऐकू आला.

मग काहीच नाही. मी हॉर्नवर हात दाबून धरला. बापूकाका बर्फात येरझाऱ्या घालत पुटपुटत होते, "पुन्हा भरायला एक मिनिट. थंडीत दीड." दीड मिनिट गेलं. दोन गेली. मी देवाचं नाव घेतलं, खोटं का सांगू? मग दुसरा बार झाला, आणि बापूकाका मटकन गाडीच्या बंपरवर बसले.

अर्ल हसत आला. दोन्ही नेम चुकले होते. बापूकाकांनी बंदूक घेतली, नळी दस्त्यातून सोडवली, उलटी केली. पोटाशी ठिपका नव्हता. पुन्हा जोडून, तिथे पडलेल्या एका जुन्या टायरला बांधून, दुप्पट दारू भरून त्यांनी दोरी ओढली. नळी टिकली. त्यांनी तिथेच ठिपका ठोकला.

"म्हणजे बिघडलेलं काहीच नव्हतं," परतताना मी म्हणालो.

"ते आता कळलं. काल ते नुसतं तुझं म्हणणं होतं."

 मला मनापासून लाज वाटत होती.

पुढे तीनेक वर्षांत त्यांना हार्ट अटॅक आला. सुमनकाकू मुलीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियात होत्या, म्हणून हॉस्पिटलमध्ये मी थांबलो. दुपारी कॉफी आणायला खाली गेलो. वर आलो तेव्हा सगळं संपलं होतं, पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

एअरपोर्टवर काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "शेवटी त्रास झाला का रे त्यांना?"

"अजिबात नाही, काकू. शांत गेले."

"तू जवळ होतास ना?"

"होतो."

काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला. पुढे कित्येक वर्षं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत राहिल्या, सतीश अगदी जवळ होता, शांत गेले. दर वेळी मी मान डोलावली.