आबांची काठी वाजल्याशिवाय

हंगामात जिनाच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, अंगणात कपाशीचे ढीग लागतात ना, तसे दौलतआबांचे किस्से आमच्याकडे साठले आहेत. नंदुरबारच्या त्या जिनात राबलेली दोन माणसं चहाला टेकली, की पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत एक तरी किस्सा निघतोच!

परवा आमचे शाळामास्तर वर्तमानपत्र वाचत होते. लढाईच्या बातम्या. विलायतेकडच्या कुठल्याशा मुलखात एक माणूस हात वर करतो आणि मैदानभर माणसं हात वर करतात म्हणे. मास्तर चष्मा काढून म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं, आणि एकट्याच्या मागे अशी कशी जातात हो?"

आम्ही जिनवाले एकमेकांकडे बघून हसलो. मास्तरांना काय सांगणार? आम्ही स्वतःच गेलेलो!

*

आबा आमचे मुकादम. अंगाने काडीपैलवान, आवाज मात्र असा की बॉयलरची शिट्टीही लाजावी. बोलण्याआधी घसा खाकरायचे. ती खाकर ऐकली की बायका पदर सावरायच्या, हमाल विडी विझवायचे, आणि मी, इंजिनखात्यातला ऑईलमन, कारण नसताना तेलाची बुधली उचलायचो.

एकदा आबांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. आठवडाभर लंगडत राउंड घेतला. त्यांच्या मागून चालणारे तिघे हमालही लंगडायला लागले! कुणी सांगितलं नव्हतं. पुढचा लंगडतोय आणि आपण ताठ चालायचं, हे त्यांना बरं वाटेना.

आबांची टाच बरी झाली. ते तरातरा चालू लागले, हे तिघे आपले लंगडतच. शेवटी आबा वळून खेकसले, "काय रे, लंगडी का ऱ्हायनात?"

त्यातला थोरला हात जोडून म्हणाला, "आबा, तुम्ही बंद कराना हुकूमच दिना नही!"

*

आता जिनाचा मुख्य कायदा सांगतो.

आमच्याकडे कपाशीतून सरकी वेगळी काढणारे रेचे दोन रांगांत होते. प्रत्येक रेच्यापुढे एक बाई, हातांनी कपाशी भरवत उभी. जेवणाचा भोंगा व्हायचा, पण भोंग्याला विचारतो कोण! आबा खुर्चीशेजारच्या लोखंडी पत्र्यावर काठी हाणायचे. ठाण्! त्यानंतरच बायांनी रेचा सोडायचा. आबांचं म्हणणं, रेच्यात बोटं जातात ती अशा पळापळीतच. खरंही होतं ते. त्यांच्या राज्यात एकाही बाईचं बोट गेलं नाही.

एका दुपारी भोंगा झाला आणि आबांना बसल्या जागी डुलकी लागली. काठी मांडीवर आडवी. बायांच्या पोटात कावळे कोकलतायत, पण हात चालूच. तेवढ्यात खुद्द शेठ आले. जिनाचे मालक! म्हणाले, "अरे, जेवायला जा की."

कुणी हललं नाही. एक म्हातारी तेवढी हळूच म्हणाली, "शेठ, काठी वाजनी नही."

मला वाटलं, आता शेठ भडकणार. शेठनी आबांकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, आणि आवाज न करता एका गाठोड्यावर बसून राहिले. आबांना जाग येईपर्यंत! पगार देणारा माणूस झोपलेल्या नोकराच्या काठीची वाट बघतोय, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. अजून आठवलं की मी थक्क होतो.

*

आबा पुतण्याच्या लग्नाला नवापूरला गेले होते, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या जागी शेठनी एक भला माणूस बसवला. मऊ बोलणारा. पहिल्याच सकाळी म्हणाला, "बायांनो, भूक लागेल तेव्हा जेवा, दमाल तेव्हा बसा."

आम्हाला वाटलं, स्वर्ग आला! दुपारपर्यंत जिनात कडाक्याची भांडणं. ही आधी जेवली, ती जास्त बसली. दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. बिचारा भला माणूस हात जोडून मध्ये उभा, आणि बाया त्याच्यावरच ओरडतायत, "तुम्ही काही सांगत का नही? मुकादम तुम्हीच ना?"

आबा परतले. आल्या आल्या सगळ्यांची खरडपट्टी काढली. आणि काय सांगू, बायांचे चेहरे असे खुलले, जणू माहेरचा माणूस दारात आला!

माझी बायको सखू त्याच रांगेत, शेवटच्या रेच्यावर होती. घरी मी तिला छेडलं, "माझं एक ऐकत नाहीस. त्या आबाचं बरं ऐकतेस!"

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "घरमा आख्खं मालेच ठरावनं पडस. काय रांधानं, कोनाले काय देवानं. तठे जिनमा कोनी दुसरा ठरावस. तेवढंच डोकं थंड ऱ्हास."

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाच मिळालं होतं, फक्त प्रश्न यायचा होता.

*

आता रहीमभाई. प्रेसखात्यात सरकी काढलेल्या रुईच्या गाठी बांधायचा, माझा जिगरी दोस्त. हा पठ्ठ्या आबांची नक्कल अशी करायचा की ऐकणाऱ्याने मागे वळून बघावं. आधी खाकर, मग आवाज. डिट्टो!

पण गंमत अशी की आबांना सगळ्यात जास्त मानायचाही तोच. त्याची आई तापाने फणफणली, तेव्हा त्याने रजा मागितली. आबांनी साफ नाकारली, आणि संध्याकाळी स्वतःची बैलगाडी जुंपून म्हातारीला दवाखान्यात घेऊन गेले. रहीम मला म्हणाला, "रजा नही दिनी भाऊ, पन माय वाचाडी. आते या मानूसले शिव्या देवान्या का पाय धरानं?"

एक दिवस नक्कल रंगात आली असताना आबाच मागे येऊन उभे राहिले. सगळ्यांचं हसू जागच्या जागी सुकलं. आबा शांतपणे म्हणाले, "रहीम, जिनमा आवाज एकच. परत मन्हा आवाज काढा, ते त्याच दिन गेटबाहेर."

आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. रहीमच्या घरी आजारी आई, चिल्लीपिल्ली, आणि कमावता तो एकटा. त्याने नक्कल सोडली. बोलण्याआधी साधं खाकरायचंही सोडलं त्याने.

*

आणि मग ती आग.

कपाशीत कुठूनसा खडा आला असेल, रेच्यात ठिणगी उडाली असेल, देव जाणे. दुपारची वेळ. शेवटच्या रेच्याजवळ रुईचा ढीग होता, त्याने भप्पकन पेट घेतला. सखूच्या पाठीशी!

मी इंजिनाच्या दारात होतो. बेंबीच्या देठापासून ओरडलो, "सखू, पळ!"

तिने ऐकलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा. आणि मग मान वळवून तिने आबांकडे पाहिलं.

सगळ्याच बघत होत्या. दोन्ही रांगा. मागे जाळ, आणि हात रेच्यावर! आबा खुर्चीपुढे उभे होते, काठी उचललेली, पण ती खाली येईना. तोंड उघडं, आवाज नाही. डोळे त्या जाळावर खिळलेले. उभ्या जन्मात कुणी त्यांना काय करायचं ते सांगितलं नव्हतं, आणि आज त्यांना ते सुचत नव्हतं.

मी धावलो. पण मध्ये अख्खी रांग होती. मी बायांना ढकलतोय, आणि त्या मलाच ढकलतायत. काठी वाजली नव्हती ना!

तेवढ्यात प्रेसच्या दारातून आबांची खाकर आली.

"आख्खा बाहेर निंघा! रेचा सोडा!"

बांध फुटावा तशा बाया सुटल्या. सखू माझ्या अंगावरून वाऱ्यासारखी गेली. पदराची कड जळालेली, बाकी धडधाकट. मी तिच्यामागे. आणि माझ्या पुढे, बायांच्या रांगेत, काठी काखोटीला मारून, मान खाली घालून पळत होते आमचे दौलतआबा!

अंगणात आलो. हमालांनी वाळू टाकली, पाणी मारलं, छप्पर वाचलं. सगळे धापा टाकत उभे. मी सखूचा हात धरला होता, चारचौघांत, लाज सोडून.

मग आबांनी घसा खाकरला. बायांनी पदर सावरले.

"हुकूम कोनी दिना?"

रहीम भिंतीला टेकून उभा होता. चेहरा रुईसारखा पांढरा. कुणी त्याच्याकडे बघेना.

सखूने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. जळका पदर डोक्यावर ओढून पुढे झाली, आणि म्हणाली, "तुम्हीच ना, आबा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग रहीमकडे. मग काठी जमिनीवर टेकवली आणि छाती पुढे काढून म्हणाले,

"मन्हाच व्हता! म्हनून तं मी बी निंघनू!"