साक्षीदाराची सही

किरायानामा माझ्या हातात होता आणि मी तो उभ्यानं वाचत होती. कागद वाचणं हे माझं कामच आहे, मी वकील आहे. पहिल्या पानावर माझं नाव नव्हतं. दुसऱ्या पानाच्या तळाशी होतं. नावापुढे लिहिलं होतं, ‘भाडेकरूकडे कामास असलेली टायपिस्ट.’

मी परत वाचलं. अक्षरं तीच राहिली.

टेबलापलीकडे घरमालक सेठ बसले होते. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर स्मिता. मला कोणी बस म्हटलं नव्हतं. सेठनी पेन पुढे केला.

“मॅडम, आप यहाँ नीचे साइन कर दो. गवाह में.”

म्हणजे किरायेदार स्मिता. टायपिस्ट मी. आणि हे सगळं खरं आहे, याची साक्षीदारही मीच.

स्मिता आणि मी लॉ कॉलेजात एका बाकावर बसलो. तिच्या वडिलांचं गोंदियाच्या बाजारात कापडाचं दुकान. माझा बाप कोहमाऱ्याच्या पुढं एका खेड्यात राहायचा, जंगलात लाकूडतोडीची मजुरी करायचा. आम्ही गोंड. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या डब्यातली अंबाडीची भाजी ती हक्कानं खायची. मी तिच्या घरी गेली की तिची आई मला अंगणातच खुर्ची द्यायची. स्मिता म्हणायची, “आई जुन्या वळणाची आहे, मनावर नको घेऊ.” मी नाही घेतलं. तेव्हाच घ्यायला पाहिजे होतं.

सनद मिळाल्यावर कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली आम्ही दोघींनी मिळून एक टेबल टाकला. उन्हाळ्यात त्या टेबलावर हात ठेववत नसे. पक्षकार बहुतेक वनहक्काच्या दाव्यांचे. जंगलात पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून येणारे. ते माझ्याकडे यायचे, कारण मी गोंडी बोलते. स्मिता युक्तिवाद चांगला करायची. आमचं जमत होतं. आता ऑफिस पाहिजे होतं.

रिंगरोडकडे नवी वस्ती होऊन राहिली होती. काही वर्षांमागे तिथं धानाच्या बांध्या होत्या. आता दवाखाने आले, कोचिंग क्लास आले, बँकेची शाखा येणार म्हणत होते. रस्ते अजून कच्चे, म्हणून किराया आमच्यासारख्यांना झेपणारा. कोर्ट सुटलं की मी रोज स्कुटी घेऊन तिकडे जायची. भिंतींवरचे फोन नंबर लिहून घ्यायची. पाणी कधी येतं, संडास कुठं आहे, म्हातारं माणूस जिना चढू शकेल का, सगळं पाहायची. दोन महिन्यांनी ही जागा सापडली. पहिला माळा, दोन खोल्या, मोठ्या खिडक्या. सेठ फोनवर खूश होते. “वकील लोग तो अच्छे किरायेदार होते हैं.”

मी घरी कागदावर नकाशा काढला. इथं पुस्तकं. इथं आम्ही दोघी. इथं पक्षकारांसाठी लांब बाक.

जागा पक्की करायला गेली तेव्हा सेठनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “अच्छा.” त्यानंतर त्यांनी मला फोन केला नाही. स्मिताला केला. ती म्हणाली, “तू नको धावपळ करू, बाकीचं मी पाहून घेते.” मला बरं वाटलं. मैत्रीण आहे, अर्धं ओझं उचलून राहिली आहे, असं वाटलं.

आता त्याच जागेत तो कागद माझ्या हातात होता.

“हे कोणी लिहिलं?” मी विचारलं.

सेठनी स्मिताकडे पाहिलं.

“मी,” स्मिता म्हणाली. “ऐक ना. ते देतच नव्हते. मी कसंतरी जमवलं. कागदच तर आहे. आत आपण दोघी सारख्याच.”

“मग तुझ्या नावापुढे टायपिस्ट लिही. माझ्या पुढे वकील लिही.”

तिनं सेठचा पेन घेऊन माझ्या हातात दिला. तिथंच आमची मैत्री संपली.

तेवढ्यात फुलवंताबाई दारात आली. ही आमची पक्षकार, सौंदडकडची. तिला मीच बोलावलं होतं, नवीन ऑफिस पाहायला. ती जिन्यावर बसून होती. सेठच्या ड्रायव्हरनं तिला उठवलं होतं.

“बाई, हा मले मांगं जा म्हणते. मांगं कायले जाऊ? हापिस त समोर आहे ना?”

स्मिता हळूच म्हणाली, “पक्षकारांसाठी मागचा लोखंडी जिना आहे. तेही ठरलंय.”

तेही ठरलं होतं. मी शोधलेल्या जागेत माझी माणसं कुठून चढतील, ते मला सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं.

मी पेन टेबलावर ठेवला.

“मी सही नाही करत.”

“अरे मॅडम, सिर्फ गवाही तो है.”

“खोटी गवाही आहे, सेठ. ती मी नाही देत.”

सेठनी ड्रायव्हरला हाक मारली. त्यानं न वाचता सही केली, माझ्यासाठी ठेवलेल्या रिकाम्या जागेवर. मग स्मितानं केली.

मी फुलवंताबाईला घेऊन समोरच्या जिन्यानं उतरली. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, “झगडा केला का, बाई?”

“नाही. सही नाही केली.”

“मंग बरोबर. माह्या सासऱ्यानं एकदा न वाचता अंगठा देल्ला होता. त्याच्याच पायी मी तुमच्याकडं येऊन राहिली.”

सेठ माझे कोणी नव्हते. त्यांनी दार लावलं असतं तर मी दुसरं शोधलं असतं. स्मितानं दार उघडं ठेवलं आणि मला वाकून आत ये म्हटलं. वर तिला वाटत होतं, ती माझ्यावर उपकार करून राहिली आहे. उद्घाटनाचं आमंत्रणही पाठवलं तिनं. ‘झालं गेलं सोड, ये ना.’ मी गेली नाही. प्रत्येक पक्षकाराला भेटून विचारलं, कोणाकडे राहता? जे माझ्याकडे राहिले, त्यांची नवी वकीलपत्रं केली, एकट्या माझ्या नावानं. काही जण स्मिताकडे गेले. तिथं पंखा आहे, बसायला जागा आहे. मागच्या जिन्यानं चढतात. त्यांच्यावर माझा राग नाही.

मी अजून टिनाखालीच बसते. पण दर रविवारी त्याच वस्तीत जागा पाहायला जाते. फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगते, आडनावासकट. काम सांगते. सांगते की लोक जंगलातून येतील आणि समोरून येतील. मग किराया विचारते. बरेच फोन तिथंच कट होतात. परवा एक जण समजावून राहिला होता, “मॅडम, किसी और के नाम से ले लो ना.”

“नहीं,” मी म्हटलं.

जागा घेईन तर माझ्या नावानं घेईन. ज्याला नाही म्हणायचं असेल त्यानं माझ्या तोंडावर, कारण सांगून म्हणावं. त्या कारणाचं पुढं काय करायचं, ते मला येतं. मी वकील आहे.