मागं बघणारी पोरगी

आप्पांनी पोराचं मनगट धरलं आणि दोन बोटांनी हाड चाचपलं, तेव्हाच माझं डोकं सणकलं.

"म्याडम, ह्यो घ्या," ते म्हणाले. "हाडापेरानं बघा कसा हाय. बाचं खांदं बघितलासा न्हवं? ह्यो अजून वाढणार."

"आप्पा, त्यानं अजून स्टिक हातात घेतलेली नाही."

"स्टिक काय, तुमी शिकवशीला की."

पोरगं नऊ वर्षांचं. वडगावच्या बाजारात बैलाचे दात बघतात तसं त्याचं चाललं होतं, आणि ते बिचारं छाती फुगवून उभं होतं. कुंपणाच्या जाळीपलीकडे त्याचा बाप त्याच्यापेक्षा जास्त फुगला होता.

मी हॉकीची कोच. आधी गोलकीपर म्हणून खेळले, मग कोचिंगचा कोर्स केला, आणि आजवर कोल्हापुरातल्या शाळांची पोरं-पोरी शिकवत आले. आप्पा म्हणजे आमच्या क्रीडा ट्रस्टचे अध्यक्ष. तरुणपणी नावाजलेले मल्ल. माणूस सोन्यासारखा. वशिला नाही, कुणाच्या चिठ्ठीवर प्रवेश नाही, सगळा व्यवहार उघडा. असल्या माणसाशी भांडणं फार अवघड जातं. लबाड माणसावर निदान मोकळेपणानं ओरडता तरी येतं.

गेल्या वर्षी टीव्हीवर हॉकी लीगचा लिलाव बघून आप्पांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. दहा वर्षांखालची पोरं गोळा करायची, त्यातली थोडी निवडायची, त्यांना टर्फ, किट, दूध-अंडी आणि माझं कोचिंग द्यायचं. बाकीच्यांनी घरी जायचं. टर्फ म्हणजे हॉकीचं कृत्रिम हिरवळीचं मैदान. गावात ते कुणाला सहज मिळत नाही, म्हणून उचगावपासून गगनबावड्यापर्यंतचे आईबाप पोरांना घेऊन आले होते. प्रवेशद्वारावर बॅनर लावला होता, 'उद्याचे प्रो आज शोधूया'.

मी आधीच सांगितलं होतं की हे जमणार नाही. नऊ वर्षांच्या पोरांत दहा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा तरी फरक. जे पोर आज दांडगं दिसतं ते बहुतेक वेळा फक्त आधी जन्मलेलं असतं. बाकीची पोरं चौदा-पंधराव्या वर्षी त्याला गाठतात, पण तोपर्यंत आपण त्यांना हाकलून मोकळे झालेलो असतो. नवव्या वर्षी कोण प्रो होणार हे सांगणारा माणूस खोटं बोलतो किंवा त्याला काहीतरी विकायचं असतं. आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या वस्तादांनी मला आठव्या वर्षी हेरलंतं." झालं, विषय संपला.

मग मी माझ्या पद्धतीनं ट्रायल घेतली. छोट्या टीम केल्या आणि छोट्या जागेत खेळायला लावलं. अशा वेळी मी बॉलकडे बघतच नाही. बॉलकडे सगळं जग बघत असतं. ज्याच्याकडे बॉल नाही ते पोर काय करतंय, ते मी बघते.

दुसऱ्याच टीममध्ये मला श्रावणी दिसली. उचगावची, काटकुळी, गुडघ्यापर्यंत आलेला भावाचा टी-शर्ट घातलेली. बॉल तिच्याकडे येत होता, आणि तो पोचायच्या आत तिनं मान वळवून मागं बघितलं. मग पुढं बघितलं, बॉल थांबवला, आणि न बघता मागच्या मोकळ्या पोरीला दिला. मला वाटलं, एकदा झालं असेल. परत बॉल आला, परत तिची मान वळली. प्रत्येक वेळी.

याला आमच्यात स्कॅनिंग म्हणतात. बॉल येण्याआधी आजूबाजूला नजर फिरवून घ्यायची, म्हणजे बॉल मिळाल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. बॉल थांबवून मग मान वर काढणाऱ्यावर तोवर समोरचा तुटून पडलेला असतो. मी सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या कानीकपाळी ओरडून थकते, तरी त्यांच्या माना वळत नाहीत. आणि ही नऊ वर्षांची पोरगी कुणी न सांगता ते करत होती. माझ्या अंगावर खरंच काटा आला.

मी आप्पांना जवळ बोलावलं. "ती बघा, मोठ्या टी-शर्टवाली."

आप्पांनी बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. "न्हाय वो म्याडम. लक्षच न्हाय पोरीचं. बॉल यायलाय आणि ही मागं बघायल्या."

"आप्पा, तेच तर."

"कुस्तीत समोरच्या जोडीवरनं नजर काढली की पाठ मातीला लागली म्हणून समजायचं. ह्या पोरीला एकतर भ्या वाटतंय, न्हायतर ही घरची वाट बघत्या."

"कुस्तीत समोर एकच असतो. इथं मागून येतात, बाजूनं येतात."

"नजर ती नजर. खेळ कुठला का असंना."

मी समजावून सांगेपर्यंत आप्पा मैदानात पोचले होते. त्यांनी खेळ थांबवला, श्रावणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "बाळ, बॉलवरनं नजर काढायची न्हाय. मागं काय ठेवलंय? बॉलकडं बघायचं. व्हय का न्हाय?"

"व्हय," श्रावणी म्हणाली.

आवाज आप्पांचा, म्हणजे हळू बोलले तरी पार रस्त्यापर्यंत जातो. जाळीपलीकडून एक माणूस लगबगीनं पुढं आला. तो श्रावणीचा बाप. फाउंड्रीत कामाला. नाइट शिफ्ट करून तसाच आला होता, डोळे लाल. "ए श्रावणे," तो ओरडला, "हितं गाड्या हायत काय मागं बघायला? आप्पा काय सांगत्यात ते ऐक."

मी त्याला गाठून विचारलं, गाड्या कसल्या.

"गल्लीत खेळत्या म्याडम, भावांच्या संगं," तो म्हणाला. "मागनं टेंपो, मोटरसायकली, काय बी येतंय. मीच सांगितलंय, आधी मागं बघायचं, मग खेळायचं. सवय लागली तिला. पण घालवतो की मी. तुमी काळजी करू नगासा."

"घालवू नका," मी म्हणाले. "तिची हीच गोष्ट चांगली आहे. हवं तर पाया पडते तुमच्या, पण ही सवय राहू दे."

तो कसनुसा हसला. त्याला वाटलं, मॅडम समजूत काढतायत. एका बाजूला मी, ट्रॅकसूट घातलेली बाई, आणि दुसऱ्या बाजूला आप्पा, ज्यांनी आखाड्यात मांडीवर थाप मारल्याच्या गोष्टी त्याच्या बापानं त्याला सांगितलेल्या. तो कुणाचं ऐकणार होता?

त्या दिवशी आप्पांनी श्रावणीला काढलंच होतं. मी भांडून भांडून तिला पुढच्या रविवारच्या दुसऱ्या फेरीत घेतलं. मला वाटलं, मी मोठा विजय मिळवला. कसलं काय, त्या आठवड्यात पोरीचं वाटोळं व्हायचं होतं.

पुढच्या रविवारी श्रावणी आली ती नवे बूट घालून. खेळ सुरू झाला. बॉल तिच्याकडे आला. तिनं मान खाली घातली, डोळे बॉलला चिकटवले, आणि समोरून येऊन एका दांडग्या पोरानं बॉल तिच्याकडून हिसकावून नेला. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. मागं तिची जोडीदारीण मोकळी उभी राहून नाव घेऊन हाका मारत होती, पण हिची मान म्हणून वळेना. एकदा अर्धी वळली आणि चटका बसल्यासारखी परत पुढं आली.

तिच्याबरोबर आलेल्या भावाला मी बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "गल्लीत आमी खेळताना बाबा कट्ट्यावर बसत्यात की. हिनं मागं बघितलं की आऊट. आता दीसभर खेळली तरी बघत न्हाय." त्याला बहिणीचं कौतुक वाटत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात आप्पा हसत हसत आले.

"म्याडम, तुमची पोरगी सुधारली. नजर काय बसवल्या बघा बॉलवर. घेतली. तुमचा शब्द राखला."

"नका घेऊ," मी म्हणाले.

"आं?"

"गेल्या रविवारी ती हॉकी खेळत होती तेव्हा तुम्ही तिला नापास केलंत. आज ती नुसती बॉलच्या मागं आंधळ्यासारखी पळतेय, तर पास. काय निवडताय तुम्ही? तालमीतलं सगळं इथं आणून ओतायचं, आणि वर बॅनर लावायचा, उद्याचे प्रो. जी एक होती ती तुम्ही आठ दिवसांत संपवलीत."

आप्पांशी असं कुणी बोलत नाही. त्यांचा चेहरा लाल झाला.

"न्हाय निवडली तरी भांडतायसा, निवडली तरी भांडतायसा. तुमास्नी पायजे तरी काय?"

"तिला मागं बघू द्या. तुम्ही स्वतः सांगा तिला. माझं ती ऐकणार नाही, बापाचंही नाही. नको असं तुम्ही म्हणालात, आता हवं असंही तुम्हीच म्हणायचं."

"म्हंजे मी बोललेलं मागं घेऊ? चार माणसांत?"

"नऊ वर्षांच्या पोरीला चार माणसांतच सांगितलंत ना?"

आप्पा निघून जातील असं मला वाटलं. पण ते उभे राहिले. म्हणून म्हणते, माणूस सोन्यासारखा. गुरगुरल्यासारखं म्हणाले, "काय करायचं सांगा."

आमच्याकडे एक साधा सराव असतो. पोराच्या मागं एकानं उभं राहायचं आणि हाताची बोटं वर करायची. समोरून बॉल सोडायचा. बॉल पोचायच्या आत पोरानं मागं बघून, किती बोटं आहेत ते ओरडून सांगायचं, मग बॉल थांबवायचा. मी श्रावणीला तो समजावून सांगितला. आप्पांना तिच्या मागं उभं केलं. एवढा धिप्पाड माणूस हात वर करून तीन बोटं दाखवत उभा राहिला.

"श्रावणी, आप्पा मागं आहेत. त्यांची बोटं बघायची, आकडा सांगायचा," मी म्हणाले आणि बॉल ढकलला.

तिनं मान हलवली नाही. बॉलवर डोळे रोखले, गुडघे वाकवले, आणि बॉल अगदी सुरेख थांबवला. स्टिकला चिकटून बसला तो. मग ती सबंध वळली, आप्पांकडे बघून तोंड भरून हसली.

"मी मागं बघितलोच न्हाय आप्पा."

आप्पांची तीन बोटं तशीच वर होती. पोरगी शाबासकीची वाट बघत उभी. तिला वाटलं, मॅडम फसवून बघायला लावतायत आणि ही परीक्षा आहे. पोरगी हुशारच आहे, त्या वयात मला हे सुचलं नसतं. आप्पांनी हात खाली घेतला. मग ते गुडघ्यावर हात टेकत तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "बाळ, माझं चुकलं. मागं बघायचं. म्याडम सांगत्यात ते खरं हाय."

श्रावणीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग जाळीकडे, बापाकडे. बाप खाली बघत होता.

"मग आता आऊट न्हाय?" तिनं विचारलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले.

बॅनर दुसऱ्या दिवशी उतरला. आप्पांनीच निवड रद्द केली. आता जे पोर येईल ते खेळतं, दांडगं असो, काटकुळं असो. गर्दी होते, बॉल कमी पडतात, दूध-अंड्यांची सोय काही सगळ्यांना पुरली नाही, त्यावरून दोन पालक माझ्याशी भांडून पोरांना घेऊन गेले. खुशाल जावोत. आप्पा दर रविवारी येतात आणि पोरांच्या मागं बोटं वर करून उभे राहतात. मनगटं चाचपायचं त्यांनी सोडलं. खांद्यांकडे मात्र अजून नजर जाते, ते मला दिसतं आणि माझा संताप होतो.

श्रावणी येते. चांगली खेळते. उद्या प्रो होईल का, मला माहीत नाही. बॉल येण्याआधी ती आता परत मान वळवते, आणि बघणाऱ्यांना वाटतं की सगळं पूर्वीसारखं झालं. तसं झालेलं नाही. मी जवळून बघते म्हणून मला कळतं. पूर्वी ती मागं बघायची ते मोकळी जागा शोधायला. आता आधी आप्पांचा चेहरा बघते, ते रागावलेत का म्हणून, आणि मग जागा बघते. तेवढ्यात बॉल येऊन पोचलेला असतो.

हे घालवायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. घालवताना पुन्हा दुसरं काही बिघडू नये म्हणून मी तिला काही बोलत नाही, नुसता बॉल देत राहते. मोठ्या माणसांसाठी मात्र मैदानावर आता एक नियम केला आहे. ज्याला पोरांचं टॅलेंट बघायचं आहे त्यानं जाळीबाहेर उभं राहून बघावं, आणि तोंड बंद ठेवावं.